छोट्या गटाची वही कोणासाठी?

जुलै संपेपर्यंत छोट्या गटातल्या मुलांच्या वह्या भरू लागलेल्या असतात. आधी 'स्टँडिंग लाइन', मग 'स्लीपिंग लाइन', पुढच्या आठवड्यात 'स्लँटिंग लाइन' आणि दिवाळीच्या सुट्टीआधी ठिपक्यांची एबीसीडी किंवा अआइई. 'एक पान गिरवून आणणे' असा अभ्यास घरी येतो आणि संध्याकाळी दमलेले आईबाबा दमलेल्या मुलाचा हात धरून ते पान कसेबसे संपवतात. अलीकडे या पानांना भारदस्त नाव मिळाले आहे, 'लेखनपूर्व कृती'. पानाच्या एका टोकाला ससा, दुसऱ्या टोकाला गाजर, मधल्या ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवायची. ससा आहे म्हणून तो खेळ! २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्र आणले, ऑक्टोबर २०२२मध्ये त्या स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि दोन्हींमध्ये खेळातून शिकण्यावर भर दिला गेला. बाजाराने वारे ओळखले आणि गिरवण्याची जुनीच पाने रंगीत करून विकायला काढली. मला वाटते, ही पाने खेळात मोडत नाहीत आणि लेखनातही मोडत नाहीत. पाच-साडेपाच वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला आणि डोक्याला ज्याची खरी गरज असते त्याचा वेळ ती खातात, आणि तरीही ती टिकून आहेत, कारण त्यांची गरज मुलाला नसली तरी मोठ्यांना आहे.

आधी वयाचा हिशेब मांडू. डोळ्यांनी पाहिलेला आकार हाताने कागदावर उतरवणे ही क्षमता मुलांमध्ये साधारण ठरावीक क्रमाने येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कीथ बीरी यांनी १९६७मध्ये प्रसिद्ध केलेली आणि आजही बालविकासतज्ज्ञ वापरतात ती चाचणी याच क्रमावर उभी आहे. उभी रेघ, आडवी रेघ आणि गोल हे आकार बहुतेक मुले तीन वर्षांच्या आसपास पाहून काढू लागतात. अधिकच्या चिन्हासारखी फुली चारच्या सुमारास जमते. चौकोन आणि तिरप्या रेघा साडेचारच्या आगेमागे, दोन तिरप्या रेघांची फुली पाचला टेकताना आणि त्रिकोण पाच उलटल्यावर. मुलामुलांत सहा-आठ महिन्यांचा फरक सहज पडतो, पण क्रम सहसा बदलत नाही. वाइल आणि अमंडसन या संशोधकांनी १९९४मध्ये अमेरिकेतल्या बालवर्गातली मुले तपासली, तेव्हा या यादीतले पहिले नऊ आकार ज्यांना जमत होते त्यांना अक्षरे पाहून लिहिणेही इतरांपेक्षा बरेच चांगले जमत होते. आता आपल्याकडचे प्रवेशाचे वय पाहा. महाराष्ट्रात ते ३१ डिसेंबर धरून मोजतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल जूनमध्ये नर्सरीत बसते तेव्हा अडीच वर्षांचे असते आणि छोट्या गटात जाते तेव्हा साडेतीन वर्षांचे. त्याच वर्गात जानेवारीत जन्मलेले मूल जवळजवळ साडेचारचे असते. दोघांच्या हातात एकच वही, दोघांना एकच पान. साडेतीन वर्षांच्या मुलाला तिरपी रेघ येत नाही याचे कारण त्याचे दुर्लक्ष किंवा आळस नसतो. त्याची ती वेळच अजून आलेली नसते.

आणि आपण त्याच्यापुढे ठेवतो काय? मराठी शाळेत पहिले अक्षर 'अ'. हे अक्षर जरा जवळून पाहावे. वर डावीकडे उघडणारी छोटी अर्धगोल कमान, तिच्या पोटाखाली दुसरी, जराशी मोठी. दोन्ही जिथे भेटतात तिथून उजवीकडे एक आडवी रेघ, ती जाऊन टेकणार उभ्या दांड्याला आणि या सगळ्याच्या डोक्यावर शिरोरेघ. दोनदा वळण, दोनतीनदा हात उचलणे, आणि प्रत्येक वेळी नेमक्या जागी पुन्हा टेकवणे. वर्णमालेत 'अ' पहिला आहे तो उच्चाराच्या शास्त्रामुळे. लिहायला सोपा म्हणून त्याला तो मान मिळालेला नाही. इंग्रजी शाळेतल्या मुलाची सुटका आहे असेही नाही. मोठ्या लिपीतल्या एबीसीडीत ए, के, एम, एन, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड या सगळ्यांत तिरपी रेघ आहे, आणि सुरुवात होते ती नेमकी ए पासून. त्यातून कित्येक शाळा मोठ्या गटातच अक्षरे जोडून लिहायच्या वळणाचा, म्हणजे कर्सिव्हचा आग्रह धरतात. तो कोणत्या शास्त्राच्या आधारावर, हे त्यांनाच विचारायला हवे.

हाताचा प्रवासही असाच पायरीपायरीने होतो. दोन-अडीच वर्षांचे मूल खडू मुठीत धरते आणि रेघ खांद्यातून ओढते. पुढे खडू बोटांत येतो, साडेतीन-चारच्या सुमारास तो तीन बोटांच्या पकडीत बसतो, पण हलतो तो अजून अख्खा हात. मनगट स्थिर ठेवून फक्त बोटांच्या पेरांनी पेन्सिल हलवणे हे साडेचार ते सहा या काळात साधते. इथे एक सावधगिरी. मनगटाच्या हाडांची एक्स-रे चित्रे व्हॉट्सॲपवर फिरतात. लहान मुलाच्या मनगटात हाडेच नसतात, मग ते लिहिणार कसे, असा सवाल त्याखाली असतो. मनगटाची आठ हाडे एक्स-रेवर एकेक करून वर्षानुवर्षे दिसू लागतात हे खरे, पण कूर्चेचे मनगट कामच करू शकत नाही हा निष्कर्ष ओढूनताणून काढलेला आहे. मेंदूने हाताला दिलेल्या हुकमांत नेमकेपणा येणे ही खरी गोष्ट आहे, आणि तो येतो तो हात वापरून. खेळाची बाजू भक्कम आहे; तिला अशा अर्धवट पुराव्याचा टेकू द्यायचे कारण नाही.

हात वापरणे म्हणजे काय, ते मटार सोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाकडे पाहिले की कळते. शेंग डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरायची, उजव्या अंगठ्याने तिची शीर शोधायची आणि नेमकी तिथेच दाबायची. जोर कमी पडला तर शेंग उघडत नाही, जास्त झाला तर दाणा चिरडतो. उघडली की अंगठा आत सरकवून दाणे वाटीत पाडायचे, आणि वाटी कुठे आहे याचे भान डोळ्यांनी ठेवायचे. एक हात धरतो, दुसरा काम करतो. अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो. जोर बेताने लागतो. उद्या लिहिताना एका हाताने वही दाबून धरायची आहे, पेन्सिल अंगठा आणि दोन बोटांत धरायची आहे, कागद फाटणार नाही पण रेघ उमटेल इतकाच दाब द्यायचा आहे. त्या तिन्ही गोष्टींची तयारी एका पसाभर शेंगांत होते. कणकेच्या गोळ्याचे वळवळते साप करणे, मणी किंवा झेंडूची फुले ओवणे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणे, जुने वर्तमानपत्र फाडून चिकटवणे, बोथट कात्रीने कापणे, गोट्या आणि सागरगोटे, दिवाळीच्या किल्ल्याची माती. यांतले बहुतेक काही विकत आणावे लागत नाही आणि म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात होत नाही. झाडावर चढणे, लोंबकळणे, चाकाची गाडी ढकलणे हेही यातच धरायला हवे, कारण खांदा डळमळता असेल तर बोटे स्थिर राहत नाहीत. भिंतीवर किंवा उभ्या फळ्यावर खडूने रेघोट्या ओढताना मनगट आपोआप मागे झुकते, लिहिताना ते जसे हवे तसे. घराच्या भिंती खराब होतात म्हणून ओरडणाऱ्यांनी एका भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत गेरू फासून ती मुलाच्या नावावर करून टाकावी. आज मुलांना हाताच्या तक्रारींसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे नेण्याची पाळी शहरांतल्या अनेक पालकांवर येते. या शास्त्राचे आशियातले पहिले प्रशिक्षण १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू करणाऱ्या कमला निंबकर यांच्या नावाने फलटणमध्ये बालभवन ही शाळा चालते. उपचार आणि शिक्षण यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, ठीक आहे, मटारही सोलू दे आणि गिरवूही दे, बिघडले काय? माझ्या युक्तिवादाचा गाभा याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स यांनी लॉरा एंगेलहार्ट यांच्यासोबत २०१२मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे मोकळ्या हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली आणि काही कीबोर्डवर दाबली. नंतर तीच अक्षरे मुलांना दाखवून त्यांच्या मेंदूतल्या हालचालीची चित्रे घेतली. मोठी माणसे वाचतात तेव्हा मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झालेले दिसले. गिरवलेल्या आणि दाबलेल्या अक्षरांच्या वेळी तसे झाले नाही. मुले मोजकीच होती, त्यामुळे एकट्या या अभ्यासावर सगळा भार टाकू नये. पण त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे. मोकळ्या हाताने काढताना मुलाला ठरवावे लागते. सुरुवात कुठून, वळायचे कुठे, थांबायचे कुठे. आकार वाकडा येतो, दर वेळी वेगळा येतो, आणि त्या वेगळेपणातूनच 'हे सगळे वाकडेतिकडे क च आहेत' ही ओळख घट्ट होते. ठिपक्यांवर पेन्सिल फिरवताना हे सगळे निर्णय छापखान्याने आधीच घेतलेले असतात. मुलाकडे उरते ते फक्त रेघेबाहेर न जाण्याचे काम. लिहिणे म्हणजे मनात ठरवून हाताने उमटवणे असेल, तर गिरवण्याच्या पानातून पहिला अर्धा भाग गळून पडलेला असतो.

खेळ कोणता आणि खेळाचे सोंग कोणते, हे ओळखण्याची कसोटीही इथेच सापडते. मुलाला काही ठरवायला मिळते का, एवढे पाहावे. वाळूत बोटाने रेघ ओढणारे मूल ती रेघ नदी आहे की साप हे स्वतः ठरवते. ओट्यावर पाण्यात बुडवलेल्या ब्रशाने गोल काढणारे मूल तो वाळून नाहीसा झाला की दुसरा काढते, आणि चुकलेले खोडण्याची भानगडच उरत नाही. आपल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढण्याची रीत होती. त्या शाळेतल्या छडीचे आणि घोकंपट्टीचे गुणगान करायचे नाही, पण आधी अख्खे बोट, मग बोरू, हा क्रम तिथे होता. आजच्या बालवर्गात बोट गाळून थेट टोकदार पेन्सिल येते. ठिपक्यांच्या रांगोळीची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथेही ठिपके असतात, मात्र कोणते ठिपके जोडायचे ते काढणारीला ठरवावे लागते. चार बाय चारच्या ठिपक्यांत पाच वर्षांच्या मुलीला सोडून पाहावे, ती काय काय करते! रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी लिहिण्याचा उगम मुलाच्या हातवाऱ्यांत, लुटुपुटीच्या खेळात आणि चित्रांत शोधला. काठी घोडा होते तेव्हा एका गोष्टीने दुसरीचा अर्थ वाहून नेणे मुलाला कळलेले असते, आणि अक्षर तरी दुसरे काय करते? चार वर्षांचे मूल कागदभर नागमोडी रेघा ओढून 'हे आजीला पत्र आहे' म्हणत ते वाचूनही दाखवते, तेव्हा लेखन म्हणजे काय हे त्याला समजले आहे. फक्त लिपी यायची आहे. ठिपक्यांचे पान सुबकपणे पूर्ण करणाऱ्या मुलाला ते समजले आहे की नाही, हे त्या पानावरून कळत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप संशोधनातूनच येतो. कणीक मळून अक्षर सुधारते याचा पुरावा काय? हॉय, ईगन आणि फेडर यांनी २०११मध्ये हस्ताक्षर सुधारण्याच्या उपायांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ज्या उपायांमध्ये प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता किंवा तो वीस बैठकांपेक्षा कमी होता ते निष्फळ ठरलेले दिसले. म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाचे अक्षर गिचमिड असेल तर त्याला मातीकामाला बसवून ते सुधारणार नाही. त्याला लिहावेच लागेल. हे मला पूर्ण मान्य आहे. खेळाच्या बाजूने बोलणारे अनेकजण इथे जास्तीचा दावा करून बसतात आणि मग पालकांचा विश्वास गमावतात. खेळाने अक्षर वळणदार होते असे नाही. खेळाने हात आणि डोळा त्या टप्प्याला येतात जिथे सरावाचे फळ मिळते. सराव कधी फळतो याचाही थोडा पुरावा आहे. फ्रान्समध्ये मारिएक लाँकाँ आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये तीन ते पाच वर्षांच्या ७६ मुलांना अक्षरे शिकवली, काहींना हाताने लिहून आणि काहींना कीबोर्डवर. हाताने लिहिलेली अक्षरे पुढे जास्त चांगली ओळखता आली, पण हा फायदा गटातल्या मोठ्या मुलांना झाला. धाकट्यांना झाला नाही. पहिलीत अक्षराचे वळण, सुरुवातीचा बिंदू, हाताची दिशा हे नेटाने आणि रोज शिकवावे, त्यात हयगय नको. 'आपोआप येईल' ही भूमिका मी घेत नाही. चार वर्षांच्या मुलाकडून वर्षभर जे घोटून घेतले जाते ते सहाव्या वर्षी फार कमी वेळात येते, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा आक्षेप माँटेसरीबाईंच्या नावाने घेतला जातो. १९०७मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी काढलेल्या बालगृहात चार-पाच वर्षांची मुले लिहू लागली होती, मग आपली का नको? पण ती लिहू लागली कशी, ते कोणी सांगत नाही. लाकडी दट्ट्यांच्या छोट्या मुठी तीन बोटांत धरून ते खाचेत बसवणे, धातूच्या चौकटींच्या आतबाहेर रंगीत रेघा भरणे, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून दोन बोटे फिरवणे, सुटी अक्षरे जुळवून शब्द करणे हे सगळे आधी झाले. कोणी सक्ती न करता, ज्याला जेव्हा हवे तेव्हा. वहीत पान पूर्ण करणे त्यात कुठे नव्हते. मजा म्हणजे विगोत्स्कींना इतकेही पसंत नव्हते. माँटेसरीच्या मुलांचे हात तयार झाले, पण त्यांनी जे लिहिले त्यात त्यांचे स्वतःचे म्हणणे कुठे होते, असा त्यांचा रोख होता. मला दोघांच्या मधली वाट बरी वाटते. हाताची तयारी माँटेसरीची, आणि लिहायचे काय ते मुलाच्या मनातले. छोट्या गटाच्या वहीत मात्र दोघांपैकी कोणीच नाही.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो खोटा नाही. शेजारचे मूल मोठ्या गटात वाक्ये लिहिते, माझे खेळत राहिले तर पहिलीत मागे पडेल. यात दोन वेगळ्या भीती आहेत. एक कायमची मागे पडण्याची. तिला न्यूझीलंडमधल्या सेबॅस्टियन सुगेट यांच्या २०१३च्या अभ्यासातून थोडे उत्तर मिळते. पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेली आणि सातव्या वर्षी शिकू लागलेली मुले अकरा वर्षांची होईपर्यंत वाचनात बरोबरीला आली होती. अभ्यास वाचनाचा आहे आणि तिथली शाळा आपल्यासारखी नाही, हे लक्षात ठेवूनही लवकर सुरुवातीचा फायदा किती टिकतो याचा विचार त्यातून करावाच लागतो. आपल्या देशातला पुरावा हवा तर 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीचा २०१९चा बालवयावरचा अहवाल आहे. २६ जिल्ह्यांतल्या चार ते आठ वर्षांच्या मुलांत वस्तूंची वर्गवारी करणे, क्रम लावणे, नक्षी पुढे नेणे, कोडे जुळवणे अशी कामे ज्यांना जमत होती, त्यांना भाषेची आणि अंकांची कामेही जास्त चांगली जमत होती. दुसरी भीती पहिलीच्या पहिल्या महिन्याची आहे. बाई फळ्यावर वाक्य लिहितात आणि उतरवून घ्यायला सांगतात. ही भीती खरी आहे, कारण तसे घडते. पण तो दोष पहिलीच्या वर्गाचा आहे. त्याची भरपाई साडेतीन वर्षांच्या मुलाने का करावी? पहिलीच्या सुरुवातीचे तीन महिने खेळातून शालेय तयारी करून घेण्यासाठी 'विद्याप्रवेश' नावाचा कार्यक्रम २०२१मध्येच कागदावर आला आहे. तो वर्गात उतरला तर या भीतीचे कारणच उरणार नाही.

उरला सर्वांत गंभीर आक्षेप. खेळ वगैरे सुशिक्षित घरांना परवडते, तिथे पुस्तके आहेत, गोष्टी सांगणारी माणसे आहेत. ज्या घरात छापील कागद येतो तो किराण्याच्या पुडीचा, त्या मुलाला अंगणवाडीने तरी अक्षर शिकवायला नको का? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात ऐंशी वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात म्हणून बालवाडी त्यांच्या पाड्यावर, अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती आणि मुलांना परकीही होती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांची साधने झाली. हा वारल्यांचा मुलूख. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने गोल, त्रिकोण, चौकोन काढून लग्नाचा चौक रंगवणाऱ्या आयांची ही मुले. बीरींच्या चाचणीतले हे आकार त्यांच्या घरच्या भिंतीवर होते! गरीब मुलाला पुस्तके हवीत, चित्रे हवीत, त्याच्या बोलीत बोलणारी आणि त्याने सांगितलेले त्याच्यासमोर लिहून दाखवणारी ताई हवी. या साऱ्याची उणीव खरी आहे आणि ती शाळेनेच भरून काढायला हवी. ठिपक्यांच्या पानाने त्यातले काहीच भरून निघत नाही. ज्या मुलाला लेखन कशाला असते हेच अजून दिसलेले नाही, त्याला अर्थ नसलेल्या रेघा गिरवायला लावणे हा त्याच्यावर दुहेरी अन्याय आहे.

मुले पुढे टायपिंगच करणार आहेत, मग हाताचे एवढे कौतुक कशाला, असाही एक सूर असतो. जेम्स आणि लाँकाँ यांच्या अभ्यासांत कीबोर्ड नेमका मागे पडला, एवढे त्याला उत्तर पुरे.

मग इतके सगळे माहीत असताना वही जात का नाही? कारण ती वही पालकांना दाखवायची असते. खासगी बालवर्गाची वर्षाची फी आता हजारांतून लाखांकडे चालली आहे आणि मुलाने दिवसभर वाळूत खेळून घरी आणलेली एकमेव गोष्ट वाळू असेल, तर पैसे कशाचे भरले असे पालकांना वाटते. भरलेले पान ही त्यांना मिळणारी पावती असते. शाळेचीही अडचण आहे. तीस-पस्तीस मुले, एक बाई, एक मदतनीस. माती काढली की हात धुणे, कपडे, भांडणे. पान वाटले की अर्धा तास वर्ग शांत. अंगणवाडीत तर ताईला शिकवण्याबरोबर आहार शिजवून वाढणे, वजने घेणे, लसीकरणाला बायकांना आणणे, मोबाइलवर माहिती भरणे हेही आहे. १९७५मध्ये अंगणवाडीची योजना सुरू झाली तेव्हापासून शालापूर्व शिक्षण तिच्या कामांच्या यादीत आहे, पण दिवसाच्या घड्याळात त्याला उरलेला वेळ मिळतो. 'ताई, खेळ घ्या' एवढे सांगून तो वेळ वाढत नाही. आणि कायद्याचे म्हणाल, तर २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. तीन ते सहाच्या मुलांबद्दल त्यात सरकारने व्यवस्था करावी असे सुचवून सोडले आहे, बंधन घातलेले नाही. त्यामुळे खासगी बालवर्गात साडेतीन वर्षांच्या मुलाकडून कर्सिव्ह लिहून घेतले तरी कोणी जाब विचारत नाही.

तरी काही गोष्टी आजही करता येतील. राज्याच्या शिक्षण विभागाने नर्सरी आणि छोट्या गटाला लेखनाची वही आणि लेखी गृहपाठ देऊ नये असा साधा, एका ओळीचा आदेश काढावा आणि तो शाळेच्या फलकावर लावायला सांगावा. एखादी शाळा एकटी वही बंद करायला घाबरते, सगळ्यांची एकदम बंद झाली तर तुलनाच उरत नाही. मोठ्या गटात ज्याला लिहावेसे वाटते त्याच्यासमोर कोरा कागद आणि जाड खडूचे तुकडे असावेत. तुकडे मुद्दाम, कारण पेरभर खडू मुठीत धरताच येत नाही, तो आपोआप चिमटीत येतो. मुलाचे नाव त्याच्या डब्यावर, चपलेच्या खणावर, चित्राखाली बाईंनी लिहावे. स्वतःचे नाव हे बहुतेक मुलांना लिहावेसे वाटणारे पहिले अक्षरचित्र असते, ते 'अ' पासून सुरू होत असो वा नसो. पालकसभेत पाने दाखवण्याऐवजी त्या मुलाने जूनमध्ये काढलेले माणसाचे चित्र आणि मार्चमध्ये काढलेले चित्र शेजारी ठेवावे. जूनमध्ये डोक्यातूनच पाय फुटलेले असतात, मार्चमध्ये माणसाला पोट, हात, कधी बोटेही आलेली असतात, आणि हात किती पुढे गेला हे अक्षरओळख नसलेल्या आईलाही त्यातून दिसते. पहिलीच्या बाईंनी अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न घेता आकारांच्या कुळांनी घ्यावीत. ट-ठ, ग-न-म, व-ब-क असे गट लावून आपल्याकडचे अनेक शिक्षक शिकवतच आले आहेत. तिरप्या शेपटाचा र, त्यामागून स, मग श, आणि 'अ' पुष्कळ नंतर, कमानी आणि दांडा दोन्ही हातात बसल्यावर.